कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’: नुसता आनंद घेतला तर बिघडलं कुठं?

रानवाट: लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’, म्हणजे गवत वाहणारी गाडी, हे १८२१ सालचं चित्र. स्टूर नदीच्या उथळ पाण्यात उभी रिकामी गाडी, डावीकडे विली लॉट या शेतकऱ्याचं घर, काठावर कुत्रा, पार लांब गवत कापणारी माणसं. कॅलेंडरांवर छापून छापून गुळगुळीत झालं म्हणून जाणकार नाक मुरडतात. मला मनापासून आवडतं. ते ढग बघा, घटकाभरात सर येईल असे. घोड्यांच्या साजावरच्या लाल रंगाने भोवतालचा सगळा हिरवा जागा होतो.

ओलंकोरडं: सहमत नाही. १८१५ला नेपोलियनशी युद्ध संपलं, धान्याचे भाव कोसळले, सैन्यातून परतलेल्यांना काम मिळेना. १८१६ला आणि पुन्हा १८२२ला पूर्व इंग्लंडच्या याच पट्ट्यात उपाशी मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. चित्रात ते मजूर कुठे आहेत? क्षितिजाजवळचे ठिपके! चित्रातली जागा फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळची, आणि ती गिरणी कॉन्स्टेबलच्या वडिलांची. मालकाच्या मुलाला गाव असंच निवांत दिसणार.

रानवाट: गिरणीवर वाढला म्हणूनच गाडी कुठल्या पाण्यातून जाते हे त्याला ठाऊक होतं. आणि एक विसरताय. तेव्हा एवढे मोठे कॅनव्हास पुराणकथा आणि इतिहासातल्या प्रसंगांसाठी असत. याने सहा फूट रुंदीचा कॅनव्हास एका शेतगाडीला दिला! रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात ते विकलंही गेलं नाही. १८२४ला पॅरिसला सुवर्णपदक मिळालं, तेव्हा कुठे गाजलं.

ओलंकोरडं: मोठेपणा गाडीला दिला, गाडीवानाला नाही. त्याचा चेहरा तरी दिसतो का? रंगकाम थोर आहे, वादच नाही. पण ‘जुनं सुखी इंग्लंड’ म्हणून हेच चित्र लोकांच्या मनात बसलंय, त्याचा मला त्रास होतो. पोटाला नसलेल्या माणसांचा उन्हाळा होता तो.

तिसरी घंटा: रानवाट, तुमच्याच बाजूने बोलते, पण ‘नुसता आनंद’ मला पटत नाही. हे चित्र नदीकाठी बसून काढलेलं नाही, जुन्या स्केचेसवरून लंडनच्या स्टुडिओत रंगवलंय. म्हणजे ती निवांत दुपार त्याने आठवून, निवडून रचली. काय घेतलं, काय गाळलं हे विचारत बघितलं की चित्र जास्तच आवडतं. याच मापाचा तैलरंगातला कच्चा खर्डा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. लंडनला जाल तेव्हा आधी तो बघा, मग गॅलरीत जा.