डेंग्यूच्या रुग्णांचा हीटमॅप तयार झाला, पण त्यावर कितपत विश्वास ठेवावा?

प्रश्न : पदव्युत्तर विद्यार्थिनी

मी सार्वजनिक आरोग्य विषयात संशोधन करते आहे. माझ्याकडे डेंग्यूच्या रुग्णांची तीन वर्षांची यादी असून तिच्यात वय, ताप सुरू झाल्याची तारीख, निदानाची तारीख आणि पत्ता एवढी माहिती आहे. पत्त्यांवरून अक्षांश-रेखांश काढून मी ते क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या संगणक-प्रणालीत घेतले आणि हीटमॅप, म्हणजे रुग्ण जिथे दाट तिथे गडद रंग दाखवणारा नकाशा, तयार केला. त्यात दोन गडद डाग दिसतात. पहिला दाट वस्तीवर आहे, आणि तो अपेक्षितच होता. दुसरा डाग मात्र एका मोठ्या रुग्णालयाच्या आवारावर आहे, आणि तिथे राहती घरे जवळपास नाहीत. त्यातच प्रत्येक रुग्णाभोवती धरायच्या वर्तुळाची त्रिज्या 200 मीटर ठेवली की बारीक ठिपक्यांचा सडा दिसतो आणि 1000 मीटर केली की अर्धे शहर लाल होते. यांतला कोणता नकाशा खरा मानायचा? आणि असा नकाशा शोधनिबंधात जसाच्या तसा छापता येतो का?

उत्तर : साथरोग सर्वेक्षक

रुग्णालयावरचा डाग हा बहुधा रोगाचा नसून नोंदणीचा असावा. पत्ता अपुरा असला की नोंद करणारी व्यक्ती कधी रुग्णालयाचाच पत्ता लिहून मोकळी होते. आणि पत्ता शोधणाऱ्या प्रणालीला घर सापडले नाही, तर ती त्या रस्त्याचा किंवा संपूर्ण विभागाचा मध्यबिंदू देते आणि तसे केल्याचे ठळकपणे सांगत नाही. तुम्ही गुणधर्मांचा तक्ता उघडा, अक्षांशाच्या स्तंभावर क्रम लावा आणि शेवटच्या दशांशापर्यंत तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी किती आहेत ते मोजा. माझ्या एका कामात अशाच मध्यबिंदूमुळे रुग्णांचा मोठा पुंजका दिसू लागला होता. जीपीएस घेऊन प्रत्यक्ष त्या जागी निघालो, तेव्हा मी एका जलाशयाच्या काठावर येऊन थांबलो आणि ठिपका पाण्याच्या मधोमध होता. तेव्हापासून प्रत्येक नोंदीपुढे ‘स्थान कसे मिळाले’ असा वेगळा स्तंभ ठेवल्याशिवाय मी नकाशा काढायला घेत नाही.

याहून खोल प्रश्न असा, की घराचा पत्ता अचूक असला तरी तो संसर्गाचा पत्ता असतोच असे नाही. लंडनच्या सोहो भागात 1854 मध्ये पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले, हे आपण सगळेच शिकतो. पण त्यांचा युक्तिवाद भक्कम झाला तो पुंजक्यात न बसणाऱ्या माणसांमुळे. दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा पटकीने गेली. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटजवळ राहत असे आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून ते रोज गाडीने मागवून घेत असे. उलट, पंपाच्या अगदी जवळच्या मद्यनिर्मितीगृहातले कामगार वाचले, कारण त्यांना प्यायला मद्य मिळे आणि आवारात स्वतंत्र विहीर होती. शेजारच्या, गरिबांना काम आणि आसरा देणाऱ्या कार्यगृहात (वर्कहाउस) 535 जण राहत होते आणि त्यांपैकी केवळ 5 दगावले. तिथेही स्वतःची विहीर होती. ठिपके कुठे दाट आहेत, याबरोबरच ते कुठे असायला हवे होते आणि नाहीत, हेही स्नो यांनी घरोघरी जाऊन विचारले.

डेंग्यूच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास सहसा काहीशे मीटरच्या पलीकडे उडत नाही, म्हणून 1000 मीटरची त्रिज्या मला जास्त वाटते. पण हा डास मुख्यतः दिवसा चावतो, आणि दिवसा माणूस शाळेत, कार्यालयात किंवा बाजारात असतो. शक्य असेल तर निदान काही रुग्णांकडून आजारपणाआधीच्या दोन आठवड्यांत दिवसाचा वेळ कुठे गेला हे विचारून घ्या. तसेच कालक्रम लावताना निदानाची तारीख न घेता ताप सुरू झाल्याची तारीख घ्या, नाहीतर प्रयोगशाळेतली दिरंगाई साथीच्या गतीसारखी दिसू लागेल.

उत्तर : आरोग्य सांख्यिक

वरच्या उत्तराशी सहमत आहे, पण लोकसंख्येचा मुद्दा राहून गेला. हीटमॅप फक्त रुग्ण मोजतो, त्यामुळे जिथे माणसे जास्त तिथे तो लाल होणारच. समजा, एका भागात 40,000 लोकांमागे 100 रुग्ण आहेत आणि दुसऱ्यात 200 लोकांमागे 1 रुग्ण आहे. दर हजारी प्रमाण अनुक्रमे 2.5 आणि 5 येते, म्हणजे दुसरा भाग दुप्पट धोकादायक ठरतो. पण तो एक रुग्ण पुढच्या वर्षी झाला नाही तर प्रमाण थेट शून्यावर येते. म्हणून लहान लोकसंख्येच्या भागांतले दर जसेच्या तसे न रंगवता बेझियन या सांख्यिकी पद्धतीने शेजारच्या भागांचा किंवा एकूण सरासरीचा आधार देऊन स्थिर करून घ्यावेत.

पुंजका खरा की योगायोगाचा, हे डोळ्यांवर सोपवू नका. मार्टिन कुलडॉर्फ यांनी 1997 मध्ये मांडलेली अवकाशीय स्कॅन सांख्यिकी सॅटस्कॅन या मोफत प्रणालीत वापरता येते. ती वेगवेगळ्या आकारांची वर्तुळे नकाशावर फिरवते, प्रत्येक वर्तुळाच्या आतले आणि बाहेरचे प्रमाण ताडून पाहते, आणि मग रुग्णांची यादृच्छिक मांडणी पुन्हा पुन्हा, बहुधा 999 वेळा, करून इतका दाट पुंजका नुसत्या योगायोगाने किती वेळा दिसतो ते सांगते. त्यामुळे एकच त्रिज्या निवडण्याची तुमची अडचण बरीच कमी होते, मात्र वर्तुळाची कमाल मर्यादा विचारपूर्वक ठरवून ती निबंधात नमूद करावी लागते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. तक्ता तपासला. रुग्णालयावरच्या जवळपास सगळ्या नोंदींचे अक्षांश-रेखांश हुबेहूब एकच निघाले आणि मूळ यादीत त्यांच्या पत्त्याचा रकाना रिकामा होता. या नोंदी काढून टाकाव्यात का?

उत्तर : साथरोग सर्वेक्षक

हीटमॅपमधून वगळा, पण अभ्यासातून काढू नका. पत्ता सांगता न येणारे रुग्ण बहुतेक वेळा भाड्याच्या खोलीत, कामाच्या जागी किंवा रस्त्यावर राहणारे असतात. त्यांना गाळले तर सगळ्यात जास्त धोक्यात असलेली माणसेच नकाशावरून पुसली जातात. किमान प्रभाग माहीत असेल, तर प्रभागनिहाय विश्लेषणात त्यांना घ्या. स्थान न मिळालेल्या आणि मिळालेल्या रुग्णांच्या वयाची व वर्षाची तुलना देणारा एक छोटा तक्ताही निबंधात असू द्या.

उत्तर : नकाशा-तंत्रज्ञ

छापण्याच्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. तुमचा सध्याचा नकाशा ठिपक्यांसह छापू नये. अक्षांशाचे पाच दशांश म्हणजे साधारण एक मीटर अचूकता. तेवढ्यावरून कुणीही दार शोधून काढील. नाव काढून टाकल्याने ओळख लपत नाही. तीन दशांशांवर आणले तर सुमारे 110 मीटरची संदिग्धता येते. दाट वस्तीत ती पुरेलही, विरळ वस्तीत अजिबात पुरत नाही. अधिक चांगला उपाय म्हणजे प्रत्येक ठिपका यादृच्छिक दिशेला, ठरावीक किमान आणि कमाल अंतराच्या दरम्यान सरकवणे, आणि विरळ वस्तीत ते अंतर वाढवणे. मात्र सगळी गणिते मूळ ठिकाणांवरच करा. सरकवलेले ठिपके केवळ चित्रासाठी आहेत. नकाशा संकेतस्थळावर टाकणार असाल तर ठिपक्यावर क्लिक केल्यावर कोणते रकाने उघडतात तेही तपासा.

आणखी एक गोष्ट मला विचारावीशी वाटते : पत्त्यांचे अक्षांश-रेखांश तुम्ही कोणत्या सेवेतून काढले? ऑनलाइन सेवेत यादी चढवली असेल, तर डेंग्यूच्या रुग्णांचे पत्ते आधीच बाहेरच्या सर्व्हरवर गेले आहेत, आणि ते नैतिकता समितीला कळवायला हवे. पुढच्या वेळी ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशाच्या माहितीवर चालणारी, पत्ते शोधणारी नॉमिनॅटिम प्रणाली स्वतःच्या संगणकावर बसवून हे काम करता येईल.

शिवाय, 200 मीटरची त्रिज्या देताना ठिपक्यांच्या थराचे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) मीटरमध्ये आहे ना, ते पाहा. कच्चे अक्षांश-रेखांश अंशांत असतात, आणि रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे 111 किलोमीटर असला तरी 60 अंश अक्षांशावर निम्माच उरतो. थर आधी यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या योग्य विभागात रूपांतरित करून घ्या आणि दोन्ही त्रिज्यांचे नकाशे पुन्हा काढा.