गेमसाठी सीपीयू घेताय? गिगाहर्ट्‌झच्या आधी कॅशे बघा

रात्रवेडा

ओळखीतल्या तिघांनी लागोपाठ एकच प्रश्न विचारला: गेमिंगसाठी सीपीयू घ्यायचाय, किती गिगाहर्ट्‌झचा घेऊ? तिघांनाही मी म्हटलं, गिगाहर्ट्‌झ नंतर, आधी एल3 कॅशे किती आहे ते बघ. (कॅशे म्हणजे सीपीयूच्या आतच असलेली छोटी, वेगवान मेमरी; एल1 सगळ्यात लहान नि जवळची, एल3 सगळ्यात मोठी.) तिघांनाही ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

एएमडीचे रायझन 7 5800एक्स आणि 5800एक्स3डी हे दोन सीपीयू शेजारी ठेवा. दोन्ही झेन 3 रचनेचे, दोन्ही आठ कोरचे. एप्रिल 2022 मध्ये आलेल्या एक्स3डीचा कमाल वेग उलट कमी आहे, 4.7 च्या जागी 4.5 गिगाहर्ट्‌झ. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, तेही बंद. त्याला जास्तीचं मिळालं ते एवढंच, की चिपवर 64 एमबी कॅशेचा थर चढवून एल3 32 वरून 96 एमबी केला. आणि एएमडीने त्याची तुलना केली ती स्वतःच्याच बारा कोरच्या 5900एक्सशी. 1080पी रिझोल्यूशनवर गेममध्ये हा आठ कोरचा सरासरी 15 टक्क्यांनी पुढे, हा त्यांचाच दावा. वेग कमी, कोर कमी, तरी पुढे!

कारण गेम चालवताना सीपीयूचा बराच वेळ गणितात जात नाही, वाट बघण्यात जातो. 5 गिगाहर्ट्‌झचा कोर एका नॅनोसेकंदात पाच ठोके मारतो. हवी ती गोष्ट एल1 मध्ये सापडली तर चार-पाच ठोक्यांत हातात येते, एल3 मध्ये असेल तर पन्नासच्या आसपास. रॅमपर्यंत जावं लागलं आणि 80 नॅनोसेकंद लागले, की 400 ठोके गेले.

गेममधला एकच सैनिक घ्या. त्याचं लक्ष्य कोण, त्या लक्ष्याच्या हातात कोणतं शस्त्र, त्या शस्त्राचा पल्ला किती, मधे भिंत आहे का. आधीचं उत्तर आल्याशिवाय पुढचा पत्ता कळत नाही, त्यामुळे चारही खेपा एकामागून एक. चारही रॅमपर्यंत गेल्या तर 320 नॅनोसेकंद. असे हजार सैनिक म्हणजे 0.32 मिलिसेकंद नुसतं थांबणं. सेकंदाला 144 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम 6.9 मिलिसेकंद, आणि हे तर फक्त एका कामाचं झालं.

निळी खिडकी

असहमत. गणित बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय.

ते 15 टक्के 1080पीवरचे आहेत, हे तुम्हीच लिहिलंय. चाचणी घेणारे सगळ्यात दांडगं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन मुद्दाम खाली ठेवतात, म्हणजे सीपीयूमधला फरक उघडा पडावा. चाचणी म्हणून ते योग्यच आहे. पण मधल्या दर्जाचं कार्ड घेऊन 1440पीवर सगळं अल्ट्रावर ठेवणाऱ्या माणसाच्या घरी कार्डच आधी दमतं. तिथे 32 काय नि 96 काय, फ्रेम तेवढ्याच येतात. तुमचा सल्ला ऐकून कोणी कार्डातले पैसे काढून कॅशेत घातले, तर त्याचं नुकसान होईल, आणि तो दोष या धाग्याचा असेल. पोटतिडकीने सांगतोय, कारण असं करून बसलेली माणसं मी बघितली आहेत.

शिवाय आजचे कोर हातावर हात ठेवून बसत नाहीत. एक गोष्ट अडली की पुढच्या सूचना आधी उरकून घेतात. 400 ठोके सरसकट वाया जातात हे चित्र अर्धवट आहे.

रात्रवेडा

शेवटच्या मुद्द्यापासून. झेन 3 एका वेळी 256 सूचना हवेत ठेवू शकतो. ठोक्याला चार धरल्या तरी 64 ठोक्यांत ती रांग भरते. पुढे? आणि माझ्या उदाहरणात तर पुढची सूचना मागच्या उत्तरावरच अडून आहे, आधी उरकायला फारसं काही हातात नाही.

कार्डाचं म्हणणं अर्धं मान्य. पण आता 4के म्हणजे खरंच 4के कोण चालवतं? डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र काढून ते मोठं करणारं तंत्र) क्वालिटीवर टाकलं की कार्ड आतून 1440पी काढतं, परफॉर्मन्सवर टाकलं की 1080पी. तुम्ही ज्याला चाचणीपुरतं रिझोल्यूशन म्हणताय, त्यावरच लोक रोज खेळतायत. वर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा माग काढून उजेड-सावल्या काढणं) चालू केलं की दृश्यातल्या आकारांच्या झाडासारख्या याद्या दर फ्रेमला ताज्या ठेवाव्या लागतात, तो भार सीपीयूवरही येतो.

शून्यएक

मी दोघांशीही थोडा असहमत. गेमचा कोड लिहिणं हे माझं रोजचं काम आहे आणि माझ्या मते दुखणं मांडणीचं आहे.

रॅममधून कधीच एकटा आकडा येत नाही, 64 बाइटची अख्खी ओळ येते. सैनिकाची जागा म्हणजे तीन आकडे, 12 बाइट. सैनिकाचं नाव, शस्त्रं, अ‍ॅनिमेशन सगळं एकाच 400 बाइटच्या गाठोड्यात बांधलं असेल, तर जागा वाचायला आणलेल्या ओळीतले 52 बाइट फुकट वाहून आणले. सगळ्यांच्या जागा एका रांगेत सलग ठेवल्या तर त्याच ओळीत पाच सैनिक मावतात, आणि सलग वाचन चाललंय हे ओळखून सीपीयू पुढच्या ओळी आधीच मागवून ठेवतो. हे बदल मी स्वतः केले आहेत. एका दृश्यात शेकडो पात्रं आली की हमखास अडखळायचं, ते त्याच यंत्रावर, तोच सीपीयू ठेवून थांबलं. मोठा कॅशे आमच्या चुका पोटात घालतो, आणि त्यामुळे आम्ही त्या दुरुस्त करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

रात्रवेडा

शून्यएक, तुमच्यासारखे लिहिणारे सगळीकडे असते तर हा धागा काढलाच नसता. पण खेळणाऱ्याच्या हातात तुमचा कोड नसतो. त्याच्या हातात फक्त सीपीयू निवडणं असतं.

आणि मांडणी कितीही चांगली असली तरी गेमचा एक स्वभाव सुटत नाही: दर फ्रेमला जवळजवळ त्याच गोष्टी पुन्हा लागतात. समजा एका फेरीत 60 एमबीला हात लागतो. 32 एमबीच्या कॅशेत पहिली वस्तू पुन्हा लागेपर्यंत मागून आलेल्यांनी तिला बाहेर ढकललेलं असतं, आणि पुढच्या फेरीत जवळपास प्रत्येक वस्तूचं हेच होतं. 96 मध्ये सगळ्या बसून राहतात. म्हणून फायदा हळूहळू वाढत नाही, उंबरठा ओलांडला की एकदम दिसतो. कारखाना उभारायचा फॅक्टोरिओ हा गेम त्याचं ठळक उदाहरण: मध्यम कारखान्यात एक्स3डी तुफान पुढे, आणि कारखाना अवाढव्य झाला की 96 सुद्धा पुरत नाहीत, मग अंतर घटतं. व्हिडिओ एन्कोडिंगला मात्र याचं फारसं कौतुक नाही, तिथला बराचसा डेटा एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जातो.

सावकाश

रॅमवर कोणीच बोलत नाहीये. डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला वेगाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सीएल म्हणजे मागितल्यापासून डेटा यायला लागेपर्यंत रॅमचे किती ठोके जातात तो आकडा. सीएलचा आकडा गुणिले 2000, भागिले वेग, इतकं केलं की नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर5-6000 सीएल30: 10. डीडीआर4-3200 सीएल16: तेही 10. पार जुनी डीडीआर-400, सीएल2 ची: पुन्हा 10! वाहून नेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढली, पण पहिली वस्तू हातात पडायचा हा भाग तिथेच राहिला. उलट डीडीआर5-4800 सीएल40 घेतली तर 16.7, म्हणजे नवी पिढी घेऊनही मागे. म्हणून मला रात्रवेडांचं पटतं. पण मोठा कॅशे घेणाऱ्याने महागड्या रॅमच्या मागे लागू नये, कारण त्याच्या खेपाच कमी होतात. साधा 32 किंवा 16 एमबी कॅशेवाला सीपीयू असेल त्यानेच रॅम नीट निवडावी, आणि एका स्टिकवर भागवू नये, दोन लावाव्यात.

निळी खिडकी

वाद नुसता घालत बसण्यापेक्षा काल रात्री करून पाहिलं. रिझोल्यूशन निम्मं केलं आणि एकाच गेममध्ये दोन ठिकाणी फिरलो. मोकळ्या रानात फ्रेम धाडकन वाढल्या, म्हणजे तिथे कार्डच अडत होतं, माझंच खरं. पण गजबजलेल्या बाजारात फ्रेमचा आकडा जागचा हलला नाही, म्हणजे तिथे कार्ड अडत नव्हतं, आणि वळताना बसणारे हिसके तसेच. सरासरीत हे दिसलंच नसतं, सगळ्यात संथ 1 टक्का फ्रेम बघितल्या तेव्हा दिसलं. कार्ड आधी, हे माझं म्हणणं तरीही कायम आहे.

सावकाश

रॅम कितीवर चालू आहे?

निळी खिडकी

6000 ची घेतली आहे. आत्ता टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं, 4800 दाखवतंय.

सावकाश

बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) बंद असणार. ते चालू करा आणि त्याच बाजारातून, त्याच वाटेने पुन्हा फिरून या.