चोचीचा मुखवटा आणि बाउता

लांब चोचीचा मुखवटा हाच इटलीतल्या व्हेनिसच्या कार्निव्हलचा, म्हणजे तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवाचा, मूळ मुखवटा असं कुणी म्हटलं तर ते पटत नाही. तो प्लेगच्या डॉक्टरांचा. चोचीत सुवासिक वनस्पती भरल्या की दूषित हवा बाधत नाही, असा तेव्हाचा समज. कार्निव्हलमध्ये तो मागाहून शिरला. अस्सल व्हेनिसचा म्हणाल तर बाउता, हा पांढरा, अख्खा चेहरा झाकणारा मुखवटा. त्याचा नाकाखालचा भाग पुढे काढलेला आणि तळाशी मोकळा असतो, त्यामुळे मुखवटा न उतरवता खाता-पिता येतं, वर आवाजही बदलतो. 1638 साली सुरू झालेल्या सरकारी जुगारघरात, रिदोत्तोत, खेळायला येणाऱ्यांना मुखवटा सक्तीचाच होता. उलट बायकांचा काळा मखमली मुखवटा, मोरेत्ता! तिला बांधायला दोरीच नाही. आतलं बटण दातांत धरायचं, म्हणजे बोलणं खुंटलं.

कागदाचा मुखवटा वाळताना वाकडा का होतो, हाही प्रश्न अनेकांना पडतो. बहुतेक वेळा घाई नडते. प्लास्टरच्या खोलगट साच्याला आतून व्हॅसलिन लावा. कागद कात्रीने कापू नका, हाताने फाडा. फाटलेली कड एकमेकांत मिसळते, कापलेलीची रेघ रंगातूनही दिसते. खळीत भिजवलेले दोन-तीन थर पुरेत. नाकाच्या खाचेत बोटाने दाबून हवा काढा, नाहीतर शेंडा पोकळ राहून दबतो. पूर्ण वाळल्याशिवाय साच्यातून काढू नका. डोळे त्यानंतरच कापायचे.