रजनी उर्फ प्रिया तेंडुलकर - तुमच्या आठवणी लिहा

काल सोसायटीच्या मीटिंगमधे मेंटेनन्सच्या हिशोबावरून मी जरा आवाज चढवला तर मागून एक काका म्हणाले, "आली बघा आमची रजनी!" शेजारची पंचविशीतली मुलगी विचारते, रजनी कोण? तेव्हापासून प्रिया तेंडुलकरची ती रजनी मालिका डोक्यातून जात नाहीये. 1985 साल, रविवारची सकाळ, दूरदर्शन, दिग्दर्शक बासू चटर्जी. साडी नेसलेली साधी गृहिणी, पण रेशन, गॅस, टॅक्सी, कुठेही फसवलं की सोडायची नाही. आमच्याकडे टीव्ही नव्हता, अख्खी चाळ एका घरात. गॅसचा भाग बघितल्यावर माझ्या आईने सिलिंडर वजन करून घ्यायला सुरुवात केली, आणि देणारा माणूस कुरकुरला तरी ती हटली नाही. तुम्हाला काय आठवतं?

अबोली_७२
टॅक्सीवाल्यांचा भाग!! त्यावरून टॅक्सीवाले चिडले होते, निषेध वगैरे झाला होता. बाबा पेपर वाचून दाखवत होते आणि आजी म्हणाली बरं झालं, मीटर नीट पाडतील आता.

निमा
मी तिला आधी अंकुर मधे पाहिलं, अनंत नागची बायको. 1974 चा ना तो, केवढीशी होती. नंतर रजनी बघताना विश्वासच बसेना की ही तीच. विजय तेंडुलकरांची मुलगी हे तर मला फार उशिरा कळलं, आणि ती कथाही लिहायची मराठीत, आमच्या लायब्ररीत पुस्तक मिळालं होतं, एका बैठकीत संपवलं. त्यात बाईच्या मनातलं जे येतं ना ते नटीचं लिखाण म्हणून वाचायला घेतलं तरी लेखिकेचं म्हणूनच लक्षात राहतं. कुकर झाला, येते परत.

सुधा_पार्लेकर
मला मात्र ती हम पाँच मधली भिंतीवरच्या फोटोतली पहिली बायकोच आठवते :) अशोक सराफ घाबरून फोटोकडे बघतो आणि ती तिथून सुनावते. 1995 ला सुरू झाली झीवर. विद्या बालन पण त्यातच होती चष्मा लावून. फोटोच्या चौकटीत फक्त चेहरा, त्यावरच सगळं. जमतं का कुणाला!

गणेश_सातारा
रजनी मालिकेत नवरा करण राजदान होता, पुढे 1988 ला खरंच लग्न केलं दोघांनी. ते टिकलं नाही.

निमा
परत आले. गणेशभाऊ, हो, पण त्या काळात एकट्या बाईने मुंबईत राहून टॉक शो चालवायचा, समोर बसलेल्यांना थेट प्रश्न विचारायचे, हे मला जास्त मोठं वाटतं. तो शो मी कॉलेजात असताना बघायचे, आईला आवडायचा नाही, आमची भांडणं व्हायची.

मनवा
स्तनाचा कर्करोग होता तिला. 2002 च्या सप्टेंबरमधे हार्ट अटॅकने गेली, 47 वर्षांची. माझ्या मावशीचं तेव्हाच ऑपरेशन झालं होतं, आम्ही पेपर लपवून ठेवला तिच्यापासून. तिने शोधून वाचलाच आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. मावशी आहे अजून, छान आहे.

अबोली_७२
मनवा, मावशीला नमस्कार सांग गं. तेंडुलकर 2008 ला गेले म्हणजे मुलगी त्यांच्याआधी गेली. बापाने कसं सोसलं असेल.

विनय_डोंबिवली
पहिला ग्राहक संरक्षण कायदा 1986 ला आला, रजनीनंतर लगेच. मुंबई ग्राहक पंचायत त्याच्याही आधीची, 1975. आमच्या चाळीत पंचायतीचा संघ होता, महिन्याच्या एकत्र घेतलेल्या किराण्याचं वाटप आमच्याच गॅलरीत व्हायचं, बायका पाव किलो जिऱ्याचंही वजन बघून घ्यायच्या. सगळ्या त्या मालिकेच्या भक्त.

सुधा_पार्लेकर
विनय, वाटप म्हटलं की पोत्यांचा वास आला! आमच्याकडे हिशोबाची वही आई लिहायची. तुमचा संघ अजून चालू आहे का? माझ्या वहिनीला नाव घालायचंय.

विनय_डोंबिवली
चालू आहे. विपु (वेगळा निरोप) करतो, फोन नंबर इथे नको.