पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) कोण सांभाळतं? तुमचे अनुभव लिहा

भायखळ्याची लेक
काल उपासनेनंतर आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती दिलीय. मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, "आठवड्यातून एकच दिवस तर काम!" तेव्हापासून बाबा डोळ्यांसमोर आहेत. ते पाळक होते. शनिवारी रात्री रविवारच्या संदेशाची (प्रवचनाची) तयारी चाललेली असायची आणि तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन, मंडळीतलं (चर्चच्या सभासदांतलं) कोणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. पहाटे परत यायचे, आंघोळ करून झगा चढवायचे, आठला वेदीपाशी. दुपारी शिवडीला दफनविधी. तुम्ही थकलात का, हे विचारणारं कोणी नव्हतं.
सेवेत असलेल्यांनी लिहा ना. काय जड जातं, उभारी कशानं येते?

विरार फास्ट
सेवेत आहे. जड जातं ते अंतर. चाळी पाडून टॉवर झाले, मंडळी नालासोपारा, बदलापूरला पांगली. एक घरभेट म्हणजे अर्धा दिवस. रविवारी मेगाब्लॉक असला की निम्मी माणसं उपासनेच्या शेवटी, प्रभुभोजनालाच (भाकर-द्राक्षरसाच्या विधीलाच) पोचतात. हल्ली घरी प्रार्थनासभा ठेवायची तर कोणी हरकत घेईल का म्हणून यजमान आधी शेजाऱ्यांचा अंदाज घेतात, यजमानांची भीती मला कळते.
उभारी? एक आजी आहेत. गेलो की म्हणतात, "आधी जेवा, प्रार्थना मग." बायबलमधला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर आणि पाणीच दिलं. १ राजे १९ वाचताना मला आजींची पितळी दिसते.

रूथची आई
मेगाब्लॉकवरून आठवलं, या रविवारी हार्बर लाईनला आहे का? नेरूळला बारसं आहे 😅

पाळकबाई
ह्यांचा पाळकाचा पगार उशिरा झाला तर कसंही निभावतं. पण संडे स्कूल, भगिनी मंडळ, चहा, सगळं "पाळकबाई बघतील". एकदा एका ताईनं माझ्या हातातली किटली घेतली, म्हणाली, "आज तू बस." कित्येक महिन्यांनी अख्खा संदेश बसून ऐकला. रडलेच.

रूथची आई
@पाळकबाई 🙏 पुढच्या रविवारी किटली माझ्याकडे.

माझगावचा पेटीवाला
आमच्याकडे भांडण गाण्यावरून. ज्येष्ठांना गिटार नको, पोरांना मराठी वाचता येत नाही, मधे पाळक. शेवटी आमच्या सरांनी पेटी, तबला, गिटार एकत्र बसवले. पोरांसाठी रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीतं रोमन लिपीत टाईप करून ग्रुपवर टाकतो. आता तीच पोरं सरावाला आधी येतात.

जुना वडील
टिळकांचं निघालंच आहे तर सांगतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. लोक त्यांचा त्याग सांगतात. पण पगार थांबल्यावर घर कोणी चालवलं असेल? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं नाव त्याच दमात घ्यायला हवं.

वसईकर
आम्ही कॅथलिक, तरी लिहितो. फादरना सणाला दहा घरची आमंत्रणं, एरवी संध्याकाळी एकटेच. फादर दिब्रिटोंच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाला विरोध झाला, तरी २०२० मध्ये ते उस्मानाबादला गेले. त्यांचं कौतुक सगळ्यांनी केलं. आपल्या पॅरिशच्या फादरला मात्र "जेवलात का?" एवढंही कोणी विचारत नाही.

दादरची नर्स
२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझे सासरे गेले. कबरीपाशी पाळक आणि मोजकी माणसं, आम्ही व्हिडिओ कॉलवर. त्यांनी फोन उंच धरून आमच्यासाठी सगळं हळूहळू वाचलं. एवढंच लिहिते.

विरार फास्ट
निवृत्तीचं कोणीच बोललं नाही! पार्सनेज (चर्चनं पाळकाला दिलेलं घर) रिकामं केल्यावर मुंबईत घर कुठून आणायचं? कमिट्यांनी पाळक रुजू होतो त्या वर्षापासूनच याची तरतूद करायला हवी.

नवा गडी
हे सगळं वाचतोय. जूनमध्ये पुण्याला सेमिनरीत (पाळक होण्याचं शिक्षण घ्यायला) चाललोय. घरी आई घाबरलीय 🙂

जुना वडील
जा बाळा. मंडळीबाहेरचा एक तरी मित्र ठेव, ज्याला रात्री फोन करता येईल. आईंचा नंबर मेसेज कर, आमची ही बोलेल त्यांच्याशी.

माझगावचा पेटीवाला
पेटी येते का तुला? नसेल तर जूनपर्यंत शनिवारी ये माझ्याकडे.