विषय: मंडळाच्या स्मरणिकेतली माझी जाहिरात, ब्रोकरची ओळ उडवू नका

स्नेहल:
नितीनदादा, फाईल आज रात्री प्रिंटरकडे जातेय असं कळलं, म्हणून लिस्टवरच लिहिते. प्रुफात माझं नाव, फोटो, मोबाईल आहे, पण मी जिथे काम करते त्या ब्रोकरेज कंपनीचं नाव आणि त्यांच्या ऑफिसचा फोन गेलाय. न्यू जर्सीत घरं विकणाऱ्या सेल्सपर्सनला एकट्याच्या नावावर जाहिरात करता येत नाही. लायसन्स माझं असलं तरी काम ब्रोकरच्या हाताखाली, कमिशनही त्यांच्याच हातून. ओळ बसत नसेल तर जाहिरात छापू नका. पैसे परत नकोत.
आणि खाली "सभासदाने ग्राहक सुचवल्यास दर घरामागे मंडळाला ५०० डॉलर" हे कोणी घातलं? काढा प्लीज.

नितीन:
पाव पानाला चार ओळी आणि एक फोटो, असं ठरलंय. गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांच्या जाहिरातीवरून काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. तुला पाचवी ओळ दिली की उद्या केटरर मागेल, टॅक्सवाला सीपीए मागेल. फोटो काढू का?
५०० चं समितीत ठरलं. हायस्कूलच्या ऑडिटोरियमचं भाडं वाढलंय. पैसे मंडळालाच मिळणार ना, कुणाच्या खिशात थोडेच जाणार?

माधवकाका (खजिनदार):
नितीन, ती ओळ काढच. लायसन्स नसलेल्याने गिऱ्हाईक आणलं म्हणून त्याला पैसे देणं इथल्या कायद्यात बसत नाही, आणि मंडळाकडे कुठलं आलंय लायसन्स? शिवाय आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली संस्था. प्रायोजकाचं नाव, लोगो, फोन छापला तर ती नुसती आभाराची पोच असते. "घर यांच्याकडूनच घ्या" असं आपण म्हटलं की आयआरएसच्या, म्हणजे कर खात्याच्या, लेखी ती जाहिरात होते आणि त्या उत्पन्नावर कर लागू शकतो. मार्चच्या मीटिंगमध्ये हेच बोललो होतो. स्नेहलला देणगी द्यायची तर घराशी न जोडता देऊ दे.

सुबोध:
काकांशी सहमत. पण गणपती आणि दिवाळी, दोन्हींचा रिअल इस्टेट प्रायोजक बरीच वर्षं मी आहे. एका व्यवसायातला एकच प्रायोजक, हे आधीच्या कार्यकारिणीने तोंडी मान्य केलं होतं. स्नेहलला माझा विरोध नाही. पण हल्ली नवीन मंडळी ७५ तासांचा कोर्स करतात, परीक्षा देतात आणि पहिलं गिऱ्हाईक मंडळात शोधतात. मी रविवारमागून रविवार ओपन हाऊसला अनोळखी लोकांसमोर उभा राहून धंदा उभा केला.

मेधा:
सुबोध, त्या कार्यकारिणीची सेक्रेटरी मी होते. मिनिट्समध्ये असं काही नाही.
स्नेहलने आम्हाला घर दाखवलं, म्हणून सांगते. पहिल्याच दिवशी तिने करार पुढे ठेवला, ह्यांना खटकलंच. २०२४ च्या ऑगस्टपासून घर बघण्याआधी लेखी करार लागतो आणि तिचा मोबदला त्यात आकड्यात लिहिलेला असतो, हे तिने बसून समजावलं. मग मी विचारलं, आपली माणसं जास्त कुठे राहतात? तर म्हणे, मावशी, ते मी सांगायचं नसतं, १९६८ चा फेअर हाऊसिंग कायदा आहे. कोणाला कुठे राहा असं वंशावरून, धर्मावरून, देशावरून सुचवायचं नाही. मला रागच आला, मराठी मुलगी असून! पण शाळांची माहिती राज्याच्या साइटवर कुठे बघायची ते दाखवलं, प्रॉपर्टी टॅक्स काढून दिला, अंगणात घर गरम करायच्या तेलाची जुनी टाकी पुरलेली नाही ना हे तपासायला लावलं. खरेदीचा करार वकिलाकडून तपासून घ्यायला ॲटर्नी रिव्ह्यूचे तीन दिवस असतात, वकील तुमचा तुम्ही निवडा म्हणाली. आता मला तिचंच पटतं.

निखिल:
विषयांतराबद्दल क्षमस्व. मी एच-वन-बी व्हिसावर आहे, कंपनीत कपातीची चर्चा आहे. शनिवार-रविवार हे काम करता येईल का?

स्नेहल:
निखिल, नाही. एच-वन-बी ज्या कंपनीचा, तिच्याच कामापुरता. कमिशन घेणं म्हणजे कामच. कोर्स करून ठेव हवं तर, पण पुढचं पाऊल इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच. मी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बीवर मिळणाऱ्या व्हिसावर, होते. पुण्यात साइटवर उभं राहून स्लॅब टाकून घेतलेली बाई, इथे आल्यावर घरात बसले. एच-फोरवाल्यांना ईएडी, म्हणजे कामाचं परवाना कार्ड, २०१५ पासून मिळायला लागलं. ह्यांचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाला, मग मला मिळालं.
या कामात पगार नाही, १०९९ फॉर्मवर स्वतंत्र कमाई. एमएलएसची (विक्रीच्या घरांच्या यादीची) फी, गाडीचा गॅस, साईनबोर्ड सगळं पदरचं, आणि घराचा व्यवहार पुरा होईपर्यंत हातात काही नाही. सुबोधदादा, ओपन हाऊसला मीही उभी असते. मंडळातून गिऱ्हाईक यावं असं वाटतंच मला, ते कशाला लपवू? पण तळघराच्या भिंतीतली भेग नुसती रंगाची आहे की पायाची, हे मला बघून कळतं. तेवढ्यासाठी तरी लोकांनी मला बोलवावं.
नितीनदादा, फोटो काढा, ब्रोकरची ओळ ठेवा.

सुबोध:
मिनिट्समध्ये नसेल तर हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्या. माझं पान तसंच राहू दे.

नितीन:
फोटो काढला, ब्रोकरेजचं नाव आणि फोन बसले, ५०० ची ओळ गेली. कार्यक्रमात प्रायोजकांची टेबलं: सुबोधचं मुख्य दाराशी, स्नेहलचं जिमच्या दाराशी. स्नेहल, नवीन प्रूफ पाठवलंय. ऑफिसच्या फोनचे आकडे तपासून दहाच्या आत कळव.