शॉकअपचं माउंटिंग, बेअरिंग, स्प्रिंग सीट: यातलं नेमकं काय गेलंय?

मदत हवी आहे. हॅचबॅक आहे, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच खांब), ७२,००० किमी झालेत. जागेवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की डावीकडून 'टण्ण' असा आवाज येतो, हाताला हिसका बसतो. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही. गतिरोधकावर आवाज नाही, तेलगळती नाही. गॅरेजवाले दोन्ही शॉकअप बदला म्हणताहेत. बदलू का?

प्रतिसाद १
थांबा, शॉकअपला अजून हात लावू नका. लक्षणं बेअरिंगची आहेत.

वरून खाली क्रम असा: माउंटिंग, बेअरिंग, वरची स्प्रिंग सीट, स्प्रिंग. माउंटिंग म्हणजे धातूला घट्ट चिकटवलेलं रबर. ते बॉडीला बोल्टने बसतं, वजन पेलतं, धक्के शोषतं आणि फिरत नाही. स्टिअरिंगबरोबर फिरतो तो खालचा स्ट्रट आणि स्प्रिंग. स्थिर माउंटिंग आणि हा फिरणारा भाग यांच्यामधलं फिरणं बेअरिंग सांभाळतं. त्यात धूळ-पाणी जाऊन ते अडकलं की स्प्रिंग पीळ खात राहते आणि एकदम सुटते. तोच तुमचा 'टण्ण'. रबर फाटलं असतं तर खड्ड्यात 'खट्ट' वाजलं असतं.

खात्री करायला गाडी जमिनीवरच ठेवा. जॅकवर बेअरिंगवरचा भार कमी होतो आणि दोष लपतो. एकाने स्टिअरिंग सावकाश फिरवावं, दुसऱ्याने स्प्रिंगच्या वेढ्यावर बोटं नुसती टेकवावीत, वेढ्यांच्या मध्ये घालू नयेत. स्प्रिंग सलग न फिरता हिसक्याने फिरली तर बेअरिंग गेलंय. काही गाड्यांत बेअरिंग माउंटिंगमध्येच असतं, तिथे अख्खा संच घ्यावा लागतो.

प्रतिसाद २
सहमत. फक्त लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट, म्हणजे गोल सांधा, जड झाला तरी स्टिअरिंग परत येत नाही, तोही बघून घ्या. बारीक खडबडीत रस्त्यावर हळू जाताना खडखड आली तर लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणारा बार स्ट्रटला जोडणारी छोटी दांडी), आणि ब्रेक मारताना एकदाच 'धप्प' आलं तर लोअर आर्मचा मागचा बुश (सांध्यातलं रबर).

प्रश्नकर्ता
बोट लावून पाहिलं, स्प्रिंग हिसक्यानेच फिरते. घरी करता येईल?

प्रतिसाद १
चांगला स्प्रिंग कॉम्प्रेसर नसेल तर नको. मधला नट (स्ट्रटच्या दांड्यावरचा, माउंटिंगच्या मधोमध असलेला) स्प्रिंग दाबल्याशिवाय कधीही खोलू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. स्ट्रट काढताना बॉडीवरचे बाहेरचे नट खोलायचे, मधला नव्हे.

काम गॅरेजमध्ये दिलंत तर समोर उभं राहून एवढं बघा: बेअरिंगची वरची बाजू वरच आहे ना (उलटं बसलं तर लवकरच पुन्हा आवाज), स्प्रिंगचं टोक खालच्या सीटच्या खाचेत टेकलंय ना, मधला नट नवा आहे ना आणि तो टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलप्रमाणे आवळलाय ना. बंप स्टॉप (स्ट्रट पूर्ण दबल्यावर टेकणारं रबर) आणि धुळीचं रबर फाटलं असेल तर आत्ताच बदला, नाहीतर तेवढ्यासाठी हेच सगळं पुन्हा खोलावं लागेल. दोन्ही बाजूंची बेअरिंग एकदमच बदला.

प्रतिसाद २
लोअर आर्मचे बुशचे बोल्ट सैल केले असतील तर शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावरच. चाक लोंबकळत असताना आवळलं की रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांना जोडणारे दोन बोल्ट खोलण्याआधी खूण करून ठेवा, तिथे कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कल) हलतो. चाकांची अलाइनमेंट शेवटी.